दोन निळे अंगठे

१

पोरगी उपासमारीने गेली होती, आणि आदल्याच दिवशी दवाखान्याच्या तंबूत मोजपट्टीवर तिचा दंड हिरव्यात भरला होता. या दोन गोष्टी एका घरात नांदणं शक्य नव्हतं. त्यातली एक खोटी होती, आणि पोरगी तर डोळ्यांसमोर मेलेली होती.

फौजदारबाई जीपमधून उतरल्या त्याच मुळी कंबर धरून. सगळी हयात पोलिसात गेल्यावर त्यांना या परदेशी मदतसंस्थेने चौकशीच्या कामाला ठेवून घेतलं होतं. आजवरच्या चौकशा म्हणजे तेलाचे डबे कुठे मुरले आणि ब्लँकेटं बाजारापर्यंत कशी चालत गेली. मेलेलं मूल पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. रस्ताभर त्या स्वतःला बजावत होत्या, की मन घट्ट ठेवायचं. तसं म्हणायची वेळ आली, की मन आधीच सुटलेलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

पाऊस रुसला होता आणि बंदुका बोलत होत्या, त्यामुळे आजूबाजूची गावंच्या गावं या उजाड माळावर येऊन पडली होती. संस्थेचं पीठ, संस्थेचं पाणी, संस्थेचे तंबू. फाटकाबाहेर मात्र राज्य कमांडरचं. तो खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर रायफल, मागे त्याची पोरंटोरं बंदुका घेऊन. मेलेल्या पोरीचा तो सख्खा चुलता.

"बाई, तुमची नर्स सांगते पोर बरी आहे, आणि दुसऱ्या दिवशी पोर मरते," तो म्हणाला. "माझ्या गेलेल्या भावाची पोर होती ती. दिवस मावळला की ती नर्स मला इथे, फाटकाबाहेर पाहिजे."

"आणि तिचा दोष नसला तर?"

"मग ज्याचा असेल तो द्या. मला कुणीतरी पाहिजे."

तो ओरडत नव्हता. ओरडणाऱ्या माणसाशी फौजदारबाईंना बोलता यायचं. हा हळू बोलणारा अवघड होता. ऊन अजून डोक्यावर यायचं होतं, एवढाच काय तो वेळ हातात होता.

२

सिस्टर औषधांच्या खोक्यावर बसली होती, हात मांडीत दाबून. तिशीच्या आतली. छावणीत नर्स म्हणून ती एकटीच, तीही यंदाच्या उन्हाळ्यात आलेली.

"मी चुकीचं मोजलं नाही," ती म्हणाली. "आठवड्याला एकदा प्रत्येक घराला पोर आणावंच लागतं, नाहीतर घराचं पीठ बंद. मी दंडाला ही पट्टी गुंडाळते. हिरव्यात आला तर पोर ठीक. पिवळ्यात आला तर लक्ष ठेवायचं. लाल म्हणजे भूक हाडांपर्यंत गेली. त्याला पौष्टिक खाण्याची पाकिटं द्यायची. फारच लाल असेल तर गाडीत घालून हद्दीपलीकडच्या इस्पितळात."

"आणि ही?"

"हिरवी. गेला महिनाभर हिरवीच."

"तोंड ओळखशील?"

"बाई, धुळीमुळे सगळ्या पोरांची डोकी-तोंडं गुंडाळलेली. रांग फाटकापर्यंत. मी दंड बघते, तोंडं बघायला सवड कुठे? पण तिची आई ओळखते मी. आणि पोरीचा हातही आठवतो. डावा हात फडक्यात बांधलेला, चुलीवर भाजला म्हणाली. म्हणून मी शाई उजव्या अंगठ्याला लावली."

"कसली शाई?"

"एकच पोर दोनदा दाखवून दोन घरं पाकिटं न्यायला लागली होती. म्हणून मोजून झालं की डाव्या अंगठ्याला निळी शाई. घासली तरी चार-सहा दिवस जात नाही."

"महिनाभर हात भाजलेलाच होता?"

"हो. मी मलम देत होते, तर आई म्हणाली, घरी आहे."

फौजदारबाई उठल्या. मलम फुकट मिळत असताना कुणी 'घरी आहे' म्हणालं, हे त्यांच्या आख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं होतं.

३

तंबूत पोरीला चादरीखाली निजवलं होतं. आई बाजूला बसून सुईदोऱ्याने काहीतरी शिवत होती आणि तिने वर पाहिलं नाही. फौजदारबाईंनी चादर कोपऱ्यातून उचलली. त्यांनी खूप मढी पाहिली होती, पण एवढं हलकं मढं पाहिलं नव्हतं. दंड म्हणजे नुसती काठी. डावा हात स्वच्छ होता, कुठे भाजल्याचा डाग नव्हता. उजवा अंगठा पाहिला, मग डावा. दोन्ही पांढरेफटक होते.

म्हणजे काल रांगेत जी मोजली गेली, ती ही नव्हतीच.

बाहेर येऊन त्यांनी हातावर पाणी घेतलं आणि तेवढ्यात कोठीवाला समोर आला. सगळी छावणी त्याला 'कुलूप' म्हणायची. तो जेवतानाही किल्ल्यांचा जुडगा मांडीखाली घ्यायचा.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो म्हणाला. "सगळ्यांचं बोट माझ्याकडेच येतं. पाकिटं मी खाल्ली म्हणतात."

"तू खाल्ली असशील नसशील," बाई म्हणाल्या, "पण या पोरीची नाही खाल्लीस. ती हिरवी होती, तिला पाकीट द्यायचंच नव्हतं. जे द्यायचं नव्हतं ते चोरणार कसं? जा, कामाला लाग."

कुलूप हिरमुसला. निर्दोष ठरण्याची त्याला सवय नसावी.

पण बाईंचं डोकं आता खरं तापलं. लबाडी माणूस करतो ती फायद्यासाठी. आजवर लोकांनी वाळलेलं पोर दोनदा दाखवलं होतं, कारण लाल दंडाला खायला मिळतं. इथे कुणीतरी गुबगुबीत पोर दाखवून वाळलेलं लपवलं होतं, आणि मिळणारं खाणं घालवलं होतं. अशी उफराटी चोरी कोण करतं, आणि कशासाठी?

दवाखान्याच्या तंबूत परदेशी डॉक्टरीण भेटली. उंच, पिकल्या केसांची, उन्हाने नाक सोललेली. "आई," तिने बाईंना हात जोडून म्हटलं. छावणीतल्या यच्चयावत बाईमाणसाला ती हीच हाक मारायची.

"मी हिची आई कुठून? माझ्याच वयाची असेल," फौजदारबाई पुटपुटल्या. "मास्तर, विचारा, या घराला ओळखते का."

मास्तर म्हणजे दुभाषी. गावची शाळा लढाईत गेली आणि शिकवणारा भाषांतर करायला लागला. मऊ बोलणारा, सगळ्यांची दुखणीखुपणी पोचवणारा माणूस; म्हाताऱ्या त्याला लेक मानत. त्याने विचारलं. डॉक्टरीण बराच वेळ बोलली. बोलताना तिचे डोळे भरले, तिने तीन बोटं वर केली आणि मग तळहात जमिनीकडे वळवला.

"हो म्हणतात. ओळखतात," मास्तर म्हणाला. "त्या घरातला थोरला मुलगा उपचाराला पलीकडे आहे. बिचारी बाई, म्हणतात."

फौजदारबाईंनी मान हलवली. परदेशी बोली त्यांना ओ की ठो कळत नव्हती. पण हंडाभर पाणी ओतलं आणि वाटीभरच निघालं, तर मधे कुठेतरी गळती आहे, एवढं कळायला भाषा लागत नाही.

४

आधी मात्र निळा अंगठा शोधायचा होता. उपाशी छावणीत गुबगुबीत पोर सापडणं कठीण नाही. ज्या घरात बंदूक असते, त्या घरात ताट भरलेलं असतं.

कमांडरच्या बायकोचा तंबू मोठा होता. ती मेलेल्या पोरीच्या आईची धाकटी जाऊ. बाईंना पाहून तिने पोरीला पाठीमागे घेतलं.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "मला फक्त छकुलीचे हात बघू दे."

"हात कशाला?"

"राम राम करायला."

पोरगी आपणहून पुढे आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. हसरी, गोबऱ्या गालांची, चुलतबहीण कुठे गेली ते न कळलेली. दोन्ही अंगठे निळे होते.

जावेने पोरीला मागे ओढलं. "यांना सांगू नका," ती म्हणाली. "बाई, तुमच्या पाया पडते. ते मला जिवंत ठेवणार नाहीत."

"एकदा तू नेलीस, डाव्या अंगठ्याला शाई लागली. मग डावा हात फडक्यात बांधून हिलाच मोठ्या जावेने नेली. बरोबर?"

"जाऊबाईंनी पदर पसरला माझ्यापुढे. म्हणाल्या, पीठ बंद होईल, पोर तर दाखवायलाच पाहिजे, तेवढी तुझी दे. मी खायलाही देत होते हो तिच्या पोरीला. चोरून द्यायचे. पण तिच्या पोटात काही टिकतच नव्हतं."

"पण ती स्वतःची पोर का दाखवत नव्हती?"

जावेने पदराने डोळे पुसले. "ते त्यांनाच विचारा. मला बोलवत नाही."

५

आई अजून शिवतच होती. आता बाईंनी नीट पाहिलं, तो मुलग्याचा सदरा होता. दुमडून ठेवलेली कड उसवून तिने बाह्या लांब केल्या होत्या.

"कुणाचा गं?"

"थोरल्याचा. पलीकडे इस्पितळात आहे. गेल्या उन्हाळ्यात नेला. आता उंच झाला असेल." ती दोरा दाताने तोडायला थांबली. "बरा होतोय तो. मास्तर सांगतात ना. डॉक्टरीणबाई भेटल्या की मी विचारते, तो कसा आहे. त्या हसून सांगतात, छान आहे."

फौजदारबाईंनी सदऱ्याची बाही बोटांत धरून पाहिली.

"पोरी, मी तुझ्या जावेकडून आले. छकुलीचे अंगठे पाहिले."

सुई थांबली. मग आई अगदी साध्या आवाजात बोलायला लागली, जणू कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होती.

"ते वाईट नाहीत, बाई. मी वाईट म्हणत नाही. नेतात, बरं करतात. पण परत देत नाहीत. वर्ष झालं, रस्ता बंद, रस्ता बंद. नवरा लढाईत गेला. एक पोर नेलं. ही लाल झाली असती तर हिलाही नेली असती. मग माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

"पण ती वाळत होती गं."

"तो हिच्याहून वाळला होता. किती दिवस मी त्याला घरीच ठेवला होता, पार शेवटाला नेला. आणि तो बरा झाला ना? मला वाटलं, पोरं एवढी सोसतात. पाऊस येईल, रस्ता उघडेल, तो परत येईल, मग हिला नेऊन दाखवीन. तोवर तग धरेल." तिने चादरीकडे पाहिलं. "तो टिकला, ही का नाही टिकली? मला तेवढं सांगा. मला तेवढंच कळत नाही."

बाईंनी तो प्रश्न नेमका उचलला. सगळं कोडं त्याच प्रश्नात होतं. "हा सदरा मला जरा देतेस?" त्या म्हणाल्या. "लगेच आणते."

६

या वेळी त्यांनी मास्तरला हाक मारली नाही. डॉक्टरीण एकटी हात धूत होती. बाईंनी सदरा तिच्यापुढे धरला, पोरीच्या तंबूकडे बोट केलं, आणि मग हद्दीपलीकडे.

डॉक्टरिणीने सदरा ओल्या हातांनीच घेतला. लांब केलेल्या बाहीवरून बोट फिरवलं, नवा दोरा पाहिला, आणि तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पडला. ती खाली वाकली आणि जमिनीवर तळहाताने हळूहळू थोपटलं, जसं निजलेल्या पोराला थोपटतात. मग मूठभर माती घेऊन सोडली. तीन बोटं पुन्हा वर आली. तिसऱ्या दिवशी.

मास्तर तंबूच्या दाराशी उभा होता. कधी आला होता कोण जाणे.

"पोरगा गेला," फौजदारबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशीच. आणि ही बाई परत येऊन आईला सांगायला गेली होती. बरोबर तुम्ही होतात."

मास्तर नाही म्हणाला नाही. लपवून लपवून माणूस थकतो, तसा तो थकलेला होता.

"त्या दिवशी सकाळी तिला नवरा गेल्याचं मीच सांगितलं होतं. दुपारी या आल्या पोराचं घेऊन. माझ्या तोंडून निघेना, बाई. एका दिवसात किती सांगायचं एका माणसाला? म्हटलं, उद्या सांगू. मी सांगितलं, पोर सुखरूप पोचलं. तिने यांचे हात डोळ्यांना लावले. यांना वाटलं, काय धीराची बाई आहे."

"आणि उद्या आलाच नाही."

"तिला हसताना पाहिलं, मग धीर होईना. ती विचारायची, तो कसा आहे. मी यांना सांगायचो, तुम्ही कशा आहात म्हणून विचारतेय. या म्हणायच्या, छान. तेच मी तिला सांगायचो."

"मास्तर, त्या दिवशी ही आणखी काय बोलली होती? नुसतं गेला एवढं नसणार. डॉक्टर माणूस एवढ्यावर थांबत नाही."

मास्तरने डोळे मिटले. "म्हणाल्या, उशीर झाला म्हणून गेला. घरात लहान मुलगी आहे ना, ती जरा वाळताना दिसली तर त्याच दिवशी आणा. लवकर आणलं तर कुठेही न्यावं लागत नाही. इथेच, तुमच्या मांडीवर बरी करू."

बाहेर उन्हं कलली होती. फौजदारबाईंना रागही धड येईना. एवढ्या चांगुलपणाने केलेला खून त्यांनी कधी पाहिला नव्हता. मेलेलं पोर जिवंत ठेवायला मास्तरने एक बातमी गाळली, आणि तिच्याबरोबर ते वाक्यही गळालं, जे जिवंत पोरीला वाचवणार होतं. आईने पोरीचं आयुष्य मोजलं ते नसलेल्या पोराच्या मापाने.

"आता काय?" मास्तरने विचारलं.

"आता सांगायचं. तुम्हीच. तिथेच, कमांडर सिस्टरला नेण्याआधी."

"आधी तिला. मग मला फाटकाबाहेर द्या."

७

फाटकापाशी सगळी छावणी जमली होती. सिस्टर मधे उभी होती. फौजदारबाईंनी तिला मागे केलं आणि छकुलीला कडेवर घेऊन कमांडरसमोर गेल्या.

"हिचे हात बघा. काल हिलाच दोनदा मोजली. नर्सने मोजली ती पोर हिरवीच होती, कारण ती तुमची होती. तुमच्या भावाची पोर तिच्यापुढे आलीच नाही."

कमांडरने लेकीचे दोन्ही अंगठे हातात घेतले. घासून पाहिले. मग बायकोकडे पाहिलं, ती पदर तोंडात धरून उभी होती. त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याच्याच घरातलं भरलं ताट रांगेत उभं राहिलं होतं.

"मी नेली, भाऊजी," आई गर्दीतून पुढे आली. "धाकटीचा दोष नाही, सिस्टरचा नाही. पोर मी लपवली."

"वहिनी, का?"

तिने उत्तर दिलं नाही, कारण मास्तर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता. त्याने सगळं सांगितलं. थोरला तिसऱ्या दिवशी गेला. हिला लवकर आणा म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. त्याने एकही शब्द मऊ केला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे ऐकणाऱ्यालाच कळत होतं.

आई उभीच होती. बाईंनी परत आणून दिलेला सदरा तिने एकदा उलटा केला, शिवण पाहिली, आणि पुन्हा सुलटा केला.

रायफलचा खटका वाजला. कमांडर उठला होता.

"थांबा, भाऊजी," आई म्हणाली. "याच्याकडे माझं अजून एक काम आहे." ती मास्तरकडे वळली. "या डॉक्टरीणबाईंना विचार, शेवटी थोरला काय बोलत होता. आणि काही गाळू नकोस."

मास्तरने विचारलं. डॉक्टरिणीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आईच्या समोर मातीत बसली आणि इथल्याच भाषेत म्हणाली, "आई."

दुपारी आपण या हाकेवर कुरकुरलो, हे फौजदारबाईंना आठवलं. मग डॉक्टरीण आपल्या बोलीत बोलत राहिली, थांबत थांबत, आणि मास्तर तिच्या मागोमाग बोलत गेला.

"म्हणतात, तो एवढंच म्हणायचा. मी तेव्हा इथे नवीन होते. मला वाटलं, तुमच्यात बाईला अशीच हाक मारतात. त्याचा ताप चढला होता, तो माझा हात धरून हाक मारायचा, आणि मी ओ द्यायचे. दर वेळी द्यायचे. अर्थ मला नंतर कळला. तेव्हापासून इथल्या सगळ्या बायकांना मी तीच हाक मारते, दुसरी येत नाही मला."

जेवढं ओतलं तेवढंच निघालं होतं. फौजदारबाईंनी पाहिलं आणि त्यांना ते नको झालं.

कमांडरने रायफल खाली केली. "मग मी आता कुणाला धरू, वहिनी?" त्याने विचारलं, आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा उत्तराची वाट पाहत उभा राहिला. कडेवरून उतरलेली त्याची लेक त्याच्या विजारीला अंगठे पुसत होती आणि शाई निघत नव्हती.

आईने फक्त डॉक्टरिणीकडे पाहिलं.

"ओ दिलीस ना?"

मास्तरला भाषांतर करायची गरज पडली नाही. डॉक्टरिणीने मान हलवली.

"दिलीस ना," आई पुन्हा म्हणाली. मग तिने सदरा डॉक्टरिणीच्या मांडीवर ठेवला, दोन्ही बाह्यांची नीट घडी केली, आणि पोरीला मातीत द्यायला तंबूकडे निघाली. जाता जाता ती सिस्टरपाशी थांबली.

"सिस्टर, तेवढी ती पट्टी आण," ती म्हणाली. "एकदा तिला मोज. तिला तिची म्हणून कुणी मोजलीच नाही."